गोठ्याचा देव

आमच्या गोठ्याला देव होता. रुपयाहून थोडा मोठा, पितळी, मधोमध चौकोनी भोक असलेला. एका बाजूला कुणालाच न वाचता येणारी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला गोल फेर धरून उभी असलेली जनावरं. बैल, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडा. सगळी आमच्याच दारातली म्हणावीत अशी. एक लांबडं जनावर होतं, त्याला आम्ही घोरपड म्हणायचो, आणि डुकराकडे आईने जन्मभर काणाडोळा केला. वडिलांचे चुलते पलटणीत होते, त्यांनी हे दर्यापारहून आणलं, एवढंच आम्हाला माहीत. ज्याच्या अंगावर एवढी जनावरं, तो गोठ्याचाच देव असणार, असं घरात कधीतरी कुणीतरी ठरवलं आणि ते ठरून गेलं. नवं वासरू झालं की तो त्याच्या कपाळाला टेकवायचा. एरवी काळ्या दोऱ्यात ओवून थोरल्या म्हशीच्या गळ्यात.

आईनंतर तो वहिनींच्या ताब्यात आला. सकाळी धार काढण्याआधी त्या त्याला कुंकू लावायच्या, तेही नेमकं बैलाला. बाकीची जनावरं झिजली होती, बैल तेवढा ठसठशीत राहिला होता.

पाऊस लागोपाठ हुकला तेव्हा दूध सोसायटीच्या मंडळींनी आष्टीच्या बाजूला, आमच्या गावापासून लांब माळावर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर घरातलं एक माणूस राहायला हवं, म्हणून वहिनी गेल्या. ताडपत्रीखाली राहायचं आणि मिळेल तेवढं उसाचं वाढं जनावरांपुढे टाकायचं. देवही म्हशीच्या गळ्यात छावणीला गेला. दादा घर आणि टँकरची रांग सांभाळायला गावात थांबला. तिथे त्याला कावीळ झाली. त्याने ती झाडपाल्यावर काढली, दवाखाना फार उशिरा गाठला, आणि मी पुण्याहून पोचलो तो मातीलाच.

छावणीतून आमची सगळी जनावरं जिवंत परत आली. दादाचे दिवस झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "देवानं जनावरं राखली, भावजी. त्येच्याकडं तेवढंच काम हाय. माणसाचं त्येला कशाला इचारावं?"

या एका वाक्यावर ती बाई पुन्हा उभी राहिली. दूध घेऊन सोसायटीत जायला लागली. देवाच्या बैलाला कुंकवाऐवजी हळद लागायला लागली, एवढाच काय तो फरक.

आणि मग मला शहाणपण सुचलं. दिवाळीला गेलो असताना मी देवाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि पुण्यात जुनी नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवले. ते म्हणाले, हे चिनी आहे, आणि नाणं नाहीच, ताईत आहे. ही बारा जनावरं म्हणजे बारा वर्षं. माणूस ज्या वर्षी जन्मला त्या वर्षाचं जनावर त्याचं. आयुष्य लाभावं, इडापिडा टळावी म्हणून तिकडे माणसं ते जवळ बाळगतात. त्यांनी घरच्यांची जन्मवर्षं विचारली आणि बोटांवर मोजलं. दादाचा बैल निघाला. मला केवढा आनंद झाला! हे वहिनींना कधी एकदा सांगतो असं झालं.

पुढच्याच सुट्टीला गेलो आणि गोठ्यातच सांगून टाकलं, बक्षीस आणल्यासारखं. वहिनी धार काढत होत्या. चरवीतला आवाज थांबला.

"म्हंजी जनावराचं न्हाई ते?"

"नाही वहिनी. माणसांचं आहे."

"अन् बैल म्हंजी तुमचे दादा?"

मी मान हलवली. मूर्खासारखा अजून हसतच होतो.

"इतकी वर्सं मी त्येंनाच कुंकू लावलं," वहिनी म्हणाल्या, "अन् बांधलं म्हशीला."

मग मी काय वाटेल ते बडबडलो. त्या गृहस्थांना काय कळतंय, पितळेचा तुकडा तो, तिकडचीही माणसं मरतातच की. काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. दादाच्या आजारपणात फोनवर चौकशी करून गप्प बसलो तो मी. अपराधी वाटायचंच तर ते मला वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंही. वहिनींच्या मनाला मात्र कसला डाग नव्हता. दुष्काळानेही जे त्यांच्याकडून नेलं नव्हतं ते मी माझ्या हौसेपायी नेलं. याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी हात धुतले. म्हशीच्या गळ्यातला दोरा सोडला, देव पदराला पुसला आणि माझ्यासमोर आल्या.

"वाका."

मी वाकलो. त्यांनी दोरा माझ्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"घरातला एक तरी राहू द्या," त्या म्हणाल्या.

माझा कशावर विश्वास नाही, तरी तो दोरा काढायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवरून पाहत होतो. धारेला बसण्याआधी वहिनींनी बोट हळदीत बुडवलं आणि सवयीने म्हशीच्या गळ्याकडे नेलं. तिथे काही नव्हतं. मग ते बोट त्यांनी गव्हाणीला पुसलं आणि चरवी पुढे ओढली.