आधी फिल्टर, मग हार

खरं सांगते, त्या शनिवारी मी भद्रा मारुतीच्या पाया पडायला नाही, त्याच्याशी भांडायला निघाले होते. उन्हाळ्यात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पुढं काठी धरून चालू लागले, हातही जरा जरा हलू लागला, पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. डॉक्टर म्हणायचे, येईल, धीर धरा. मी मुळात धीर धरणारी बाई नाही. रोज सकाळी त्यांना समोर बसवून ‘म्हणा, पाणी, म्हणा, चहा’ असा माझा तगादा चालायचा, आणि ते भिंतीकडं बघत राहायचे. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्न झाल्यापासून ‘अगं’ हेच माझं नाव. तेवढा एक शब्द कानावर पडावा म्हणून शनिवार धरले, रुईच्या माळा वाहिल्या. शेवटी म्हटलं, हा देव तिकडं खुलताबादला आडवा होऊन झोपलाय, त्याला संभाजीनगरातून ऐकू जात नसेल. समोर जाऊन उठवते.

जायचं ते ह्यांच्या जुन्या डिझेल जीपमधून, चालवणार मी. गंगापूरच्या शेतावर ये-जा करून त्यांनी ती इतकी वर्षं जपलेली. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, पण त्याआधी हे डिझेलचा फिल्टर बदलायचे, टाकीच्या तळाचा गाळ काढायचे. मी पूजेचं ताट घेऊन ताटकळत उभी आणि हे जीपच्या पोटात डोकं घालून. मी कुरकुरले की आतूनच आवाज यायचा, ‘अगं, आधी फिल्टर, मग हार.’ त्या वर्षी पूजा मी एकटीनं केली. हळदीकुंकू लावलं, झेंडूचा भरगच्च हार घातला, नारळ फोडला. फिल्टर माझ्या ध्यानीमनीही नव्हता. आजारपणात जीप दारातच उभी, टाकीत तळाशी थोडंसं डिझेल. अशा टाकीत पाणी धरतं, गंज सुटतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मार्गशीर्षातली सकाळ होती. दौलताबादचा किल्ला मागं पडला, घाट सुरू झाला आणि धुक्यानं आम्हाला पोटात घेतलं. पुढचं वळण दिसेना, मागचा रस्ता दिसेना. गाडी चढतेय की तरंगतेय तेही कळेना. ह्यांच्याकडं पाहिलं तर ते काचेवरच्या थेंबांकडं बघत होते, आणि मला वाटलं, आम्ही दोघं कधीच कुठंतरी पोहोचून गेलोय, फक्त कुणी सांगितलं नाही. तेवढ्यात जीपनं आचके दिले, दम लागल्यासारख्या धापा टाकल्या आणि ती बंद पडली.

मी स्टार्टर मारला. पुन्हा मारला. देवाला, धुक्याला, जीपला, सगळ्यांना एका दमात बोल लावत मारतच राहिले. तेव्हा ह्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. जोर काही नव्हता त्यात, पण मी थांबले. मग ते काठी टेकत उतरले, बॉनेट उघडायची खूण केली आणि सीटखालच्या पेटीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला नवा फिल्टर काढला. तो तिथं असतो हे मला माहीत नव्हतं.

फिल्टर होता, पण बदलायला हात कुठून आणायचे? त्यांचा एक चालत नव्हता आणि माझ्या हातांनी कधी पाना धरला नव्हता. मी रडकुंडीला आले होते. तोच धुक्यातून एक बाई आली, डोक्यावर पेरूंची पाटी, ओढणी हनुवटीखाली घट्ट बांधलेली. आमच्याकडं बघून तिनं पाटी खाली ठेवली आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मला ‘बाजी’ म्हणाली.

“क्या हुआ बाजी? बंद पडली का?”

“पडली बाई. तुम्हाला गाडीतलं काही कळतं का?”

“मला काय कळत नाय. पन हात हायेत. भाईसाबला पुछो, काय करायचं.”

भाईसाब बोलत नाहीत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “तो फिर दाखवू दे की.”

मग ह्यांनी दाखवलं. डाव्या हाताच्या बोटानं, मानेनं, भुवईनं. आम्ही दोघींनी फिल्टरचं भांडं उघडलं, तर आत काळा चिखल आणि पाणी. तो ओतून टाकला, भांडं पुसलं, नवा फिल्टर बसवला. मी स्टार्टर मारला. गाडी नुसती कण्हली. मी खाली उतरून मडगार्डला कपाळ टेकलं आणि मनात म्हटलं, मारुतीराया, आता तूच बघ. माझ्याच्यानं होत नाही. भांडण कुठं गेलं कोण जाणे.

“एअर,” कुणीतरी म्हणालं.

आवाज इतका जाड, इतका दुरून आल्यासारखा होता की मला वाटलं, रस्त्यावरून कुणी जातंय. मी वळले. हे फिल्टरच्या माथ्यावरच्या बारक्या स्क्रूकडं बोट दाखवत होते. “एअर,” पुन्हा म्हणाले.

पाइपात हवा शिरली होती. ती स्क्रू ढिला करून बाहेर काढावी लागते. पेरूवाली फिल्टरजवळचा छोटा हातपंप दाबू लागली, मी पेटीतला पाना स्क्रूला लावला. स्क्रूच्या कडेनं डिझेलचा फेस येऊ लागला. फुस, फुस, फुस. धुक्यात दुसरा आवाज नव्हता. डिझेलचा आणि पिकल्या पेरूंचा वास एकमेकांत मिसळला होता. हळूहळू फेस सरला, नितळ धार आली. ह्यांनी मान हलवली. मी स्क्रू आवळायला घाईघाईनं पाना फिरवला, तर डिझेल अंगावर उडालं.

“अगं, उलटं!”

पाना हातातून पडला. मी तिथंच, घाटाच्या कडेला, डिझेलनं माखून हमसून हमसून रडले. पेरूवाली घाबरली, म्हणाली, “चूक झाली तर होऊ दे ना बाजी, येवढं काय रडायचं!” स्क्रू तिनंच आवळला. जीप सुरू झाली.

मारुतीसमोर गेले तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. तो झोपलेला होता, मी उठवलं नाही.

पुढं काही महिन्यांनी त्या बाईला शोधत गेले, साडी घेऊन. ती सापडली, पण तिला काही आठवेना. “कुठली गाडी बाजी? इथं तर रोज एक बंद पडती,” म्हणाली, आणि वर मलाच दोन पेरू दिले. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. देणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही, आणि घेणाऱ्याचं सगळं आयुष्य त्यावर उभं राहतं. आता मी ह्यांना ‘म्हणा, म्हणा’ करत नाही. शब्द येतात, कधी चहाला पाणी म्हणतात, मी दोन्ही आणून ठेवते.

यंदाच्या खंडेनवमीला हे अंगणात खुर्चीवर बसले आणि फिल्टर मी बदलला. एअर काढली, स्क्रू सुलट आवळला. मग हार घातला आणि नमस्काराआधी हात धुवायला निघाले, तर मागून हाक आली, “अगं... राहू दे.” मी तशीच वळले आणि डिझेलचेच हात जोडले.