अमावास्येचं औषध

दिनकर कंपाउंडरांना बसता येत नसे. खुर्ची दिली की तिच्यावर पिशवी ठेवायचे आणि स्वतः डुकरांच्या शेडच्या दारात उभे राहायचे, एक हात कडीवर. चहा अर्धाच प्यायचे. "बसलं की किडं वाढत्यात, मावशी," म्हणायचे.

हातकणंगल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते कामाला होते. डॉक्टर बदलत, हे तिथंच. डॉक्टरांचं बोलणं आम्हाला समजत नसे, यांचं समजे. डुकरांना जंताचं औषध दर अमावास्येला द्यायचं हे त्यांनीच आम्हाला लावून दिलं. आमच्याकडं त्या दिवशी कामं बंद असतात, म्हणून कुणी विसरत नसे. बाटलीत पाणी घालून औषध वाढवायचं आणि खाण्यात कालवायचं. मोठी डुकरं भसाभसा खायची, बारक्यांच्या तोंडाला कधी लागायचं, कधी नाही. तरी पहिली काही वर्षं पिल्लं तुकतुकीत दिसायची.

मग पिल्लं खाऊन खाऊन वाळायला लागली. औषध बनावट आहे म्हणून मी दुकानदाराशी भांडून आले. कंपाउंडर तोवर निवृत्त झाले होते. ऐकल्या ऐकल्या आले आणि म्हणाले, "घाण द्या. हरेक डुकराची निराळी."

"पेन्शन मिळतीया न्हवं? मग हे कशाला चिवडताय?"

"चिवडायचंच हाय. द्या."

दवाखान्यातल्या काचेखाली त्यांनी त्या घाणीतली जंतांची अंडी मोजली. नंतर एकेक डुकराचं वजन काढलं आणि मापानं औषध स्वतःच्या हातानं पाजलं. परत घाण तपासायची ती चौदा दिवसांनी. त्या चौदा दिवसांत कितीदा आले त्याला हिशेब नाही. यायचे, वाकून बघायचे, जायचे. वळणावरून परत यायचे.

चौदाव्या दिवशी मला दवाखान्यात नेलं आणि काचेत बघायला लावलं. अंडी होती तशीच होती.

"औषध खरं हाय. माप खरं हाय," ते म्हणाले. "किड्यांवर चालंना झालंय."

"मग चुकलं कोण?"

"मी. दर आमुशाला थोडं थोडं पाजाय लावलं. मरायची ती मेली. जी औषध पचवून राहिली, त्यांचीच पिल्लावळ आता सगळीकडं झालीया."

कबनूरच्या शालनला मी पिल्लं कबूल केली होती. मागावरचं काम सुटलं म्हणून ती डुकरं पाळायला निघाली होती. कंपाउंडर म्हणाले, "ही पिल्लं देऊ नका. त्यांच्याबरोबर ह्यो किडाबी तिच्या दारात जाईल. तिची शेड नवी हाय, मावशी."

"चूक तुमची, आणि पिल्लं मी अडवून ठेवू व्हय?"

ते पिशवी उचलून निघाले. मी पिल्लं दिली. शालनला काही सांगितलं नाही.

चार दिवसांत तिनं पिल्लं टेम्पोतून परत आणली. "ठेवा तुमची," एवढंच म्हणाली. कंपाउंडर जाऊन सांगून आले होते. मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि अंगणात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झालं? आता घाण द्या. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय, ते चालतंय का बघूया."

ते चाललं. पण पाजायचं तपासून, वजनावर, आणि शेड रोज खरवडून कोरडी ठेवायची. कंपाउंडर मग गावोगाव हिंडायला लागले. "आमुशाचं औषध सोडा. मीच लावलंय, मीच मोडतोय." लोक तोंडावर हसायचे. "म्हातारपणी अक्कल आली व्हय, कंपाउंडर?" "आली. उशिरा आली," म्हणायचे आणि पुढच्या दारात जायचे.

गेल्या उन्हाळ्यात असेच हिंडून आले आणि घरी कोसळले, ते गेलेच. दिवस झाल्यावर त्यांच्या बायकोनं मला त्यांची वही दिली. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. कुणाकडची घाण तपासायची राहिली त्यांची नावं होती. शालनचंही होतं. तिनं पुढं दुसरीकडून पिल्लं घेतली होती.

मी कबनूरला गेले. शालननं दार उघडलं, पाणी दिलं.

"त्या टायमाला मी तुमच्यावर उगंच रागावले, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला तरी काय ठावं? कंपाउंडर मागनं येऊन म्हणालं, मावशीला मी काय बोललोच न्हाई, सगळी चूक माझी."

हा माणूस खोटं बोलल्याचं मला आधी कधी माहीत नव्हतं. मान हलवून मोकळी झाले असते तर चाललं असतं.

"मला सांगितलं हुतं त्यांनी," मी म्हणाले. "कळूनशान पिल्लं दिली मी तुला."

तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला, आत गेली आणि दार लावलं. मी उन्हात उभी राहिले. मग कडी वाजवली. "शालन, बोलू नको माझ्याशी. पर तुझ्या डुकरांची घाण दे."

मी परत कडी वाजवली.