बेसा ते रामटेक: दोन नवसांचा प्रवास

आईचा पाय मोडला म्हणून पप्पा नागपूरला आले. नाहीतर ते आले नसते, आणि आज लिहायलाही काही उरलं नसतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मुंबईत कॉलेजात शिकत होते. माझी मोठी बहीण रिबेका चार वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने लग्न करून नागपूरला गेली होती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले, घरीदारी मराठीच बोलणारे यहुदी. तिच्या नवऱ्याचं, सुधाकररावांचं, घर शेतकऱ्याचं, हिंदू. पप्पा लग्नाला गेले नाहीत आणि त्यानंतर ताईशी एक शब्द बोलले नाहीत. तिचं पत्र टेबलावर दिसलं की ते वर्तमानपत्र उघडत.

मला हे कधी उलगडलं नाही, कारण पप्पा जुन्या वळणाचे नव्हतेच. आमची मंडळी प्रागतिक. आमच्या सिनेगॉगमध्ये बायका आणि पुरुष एकत्र बसत, निम्मी प्रार्थना मराठीत होई. पप्पा तिथले चिटणीस. मुलींनीही सगळ्यांसमोर उभं राहून धर्मग्रंथ वाचावा, यासाठी ते कमिटीत दोन वर्षं भांडले होते. मुलांचा रविवारचा वर्ग, हनुक्काच्या सणाचं नाटक, पुरीमच्या सणातली सोंगं, शनिवारच्या प्रार्थनेनंतरचा चहा आणि उकडलेले चणे, सगळं त्यांच्या वहीतून चाले. बाहेरगावच्या सभासदांना दर महिन्याला सायक्लोस्टाईल केलेलं पत्रक जाई. त्यावरचे पत्ते पप्पा स्वतःच्या अक्षरात लिहीत. नागपूरचा एक पत्ता तेवढा आई लिहायची.

त्या हिवाळ्यात ताईचं पत्र आलं. तिची अडीच वर्षांची तारा न्यूमोनियातून उठली होती. पंधरा दिवस नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात होती. ताईने एलियाहू हानाबीला मलिदा बोलला होता. एलियाहू आमचा संदेष्टा. अडीअडचणीत आम्ही त्याला हाक मारतो आणि संकट टळलं की गोड पोह्यांचा मलिदा आणि फळं ठेवून प्रार्थना करतो. झाडांच्या नववर्षाच्या सणाला ती तो करणार होती. माहेरचं कुणीतरी यावं, एवढंच तिने लिहिलं होतं.

आई आणि मी निघणार होतो. चार दिवस आधी आई जिन्यात घसरली आणि पाय प्लास्टरात गेला. मला एकटीला पाठवायची घरात पद्धत नव्हती. दोन दिवस जाणं अधांतरीच राहिलं. तिसऱ्या दिवशी पप्पा ऑफिसातून उशिरा आले आणि टेबलावर तिकिटं ठेवली. रेल्वेच्या खिडकीवर जाऊन त्यांनी आईच्या जागी स्वतःचं नाव घालून आणलं होतं.

"तिकीट वाया जायला नको," ते म्हणाले.

परतीचं तिकीट त्यांनी सोमवार संध्याकाळचं काढलं होतं. म्हणजे नागपुरात जेमतेम दीड दिवस.

शनिवारची प्रार्थना आटोपून आम्ही संध्याकाळची गाडी धरली. जानेवारीत जाणार असाल तर एक सांगते, मुंबईच्या थंडीवर विसंबून निघू नका. भुसावळच्या पुढे खिडकीतून येणारा वारा हाडात शिरतो. मी एक पातळ स्वेटर घेतला होता आणि पप्पांचा मफलर शेवटी माझ्याच गळ्यात आला. सकाळी बडनेऱ्याला चहा घेतला, वर्ध्यानंतर तुरीची शेतं दिसू लागली. पप्पांच्या मांडीवर एक मोठा डबा होता. त्यात पुऱ्या, उकडलेली अंडी, बटाट्याची भाजी, चटणी. गाडीसाठी एवढं कशाला, असं मी विचारलं. गाडीसाठी नाही, तिथल्यासाठी आहे, असं ते म्हणाले. तेव्हा मला कळलं की ते ताईच्या घरी जेवणार नव्हते. ते तिच्या अंगणात परक्यासारखे बसतील, आपल्या डब्यातलं खातील आणि उठून येतील; त्यापेक्षा आले नसते तर बरं, असंच मला वाटत राहिलं.

स्टेशनवर सुधाकरराव आले होते. त्यांनी पप्पांना वाकून नमस्कार केला, पप्पांनी नुसती मान हलवली. स्टेशनजवळच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते आणि सगळी हवा सालीच्या वासाने भरली होती. मलिद्यासाठी आम्ही तिथूनच संत्री, पेरू आणि केळी घेतली. मग ताईच्या सासरी, बेसा गावाला, टांगा. आज बेसा म्हटलं की उंच इमारती आणि फ्लॅटच्या जाहिराती दिसतात, स्टेशनहून रिक्षाने अर्ध्या तासात पोचता. तेव्हा ते खरंच गाव होतं. टांगेवाल्याने सात रुपये सांगितले, सुधाकररावांनी सहावर आणलं, आणि शेवटचा कच्चा रस्ता बघून पप्पांनी आपणहून सातच दिले.

घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, मागे विहीर आणि तूर. दारात सुधाकररावांच्या आई उभ्या होत्या. गावात सगळे त्यांना माय म्हणत. त्यांनी आम्हाला बघितलं आणि आत वळून हाक मारली.

"रिबेका, वं रिबेका, पाह्य कोन आलं!"

पप्पा टांग्यातून उतरता उतरता थांबले. लग्नात सुनेचं नाव बदलतात, आता ती रेखा नाहीतर राधिका झाली असेल, असं ते एकदा आईला म्हणाले होते. चार वर्षांत ताईबद्दल त्यांनी काढलेलं तेवढंच वाक्य मला आठवतं.

ताई पिठाच्या हातांनी बाहेर आली. आईची वाट बघत होती, आणि समोर पप्पा. पायाचं तिला कळलंच नव्हतं; आमचं पत्र आमच्यानंतर दोन दिवसांनी पोचलं. ती मला बिलगली आणि माझ्या खांद्यावरून पप्पांकडे बघत राहिली. पप्पांनी आईच्या पायाचं सांगितलं, पण माझ्याकडे बघून, जणू मला ते माहीत नव्हतं.

दुपारी पानं मांडली. ज्वारीची भाकरी, वांगं, आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, तिकडे तिला सोले म्हणतात. हिवाळ्यात विदर्भात गेलात तर हॉटेलात शोधू नका, कुणाच्या तरी घरीच खा. पप्पा बाजेवर बसून राहिले. भूक नाही म्हणाले, आणि थोड्या वेळाने डबा उघडला.

आमच्यात मांस शिजवायच्या भांड्यांचे नियम असतात, हे मायना माहीत होतं. आत गेल्या आणि एक पातेलं आणि परात घेऊन आल्या. पप्पांच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "हे भांडे नवे हायेत जी. याच्यात मटन नाही शिजलं, मासोळी बी नाही. तुमच्या पोरीनं सांगतलं तसंच केलं."

पप्पा भांड्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, की भांड्यांचा प्रश्न नाही. मायनी मान डोलावली आणि भांडी उचलून नेली. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सण सोमवारचा, पण आमचा दिवस आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे मलिदा रविवारी संध्याकाळीच होता. चारच्या सुमाराला माणसं येऊ लागली. नागपुरात तेव्हा आमची चार-पाचच कुटुंबं होती, बहुतेक रेल्वेतली, एक पोस्टातलं. ते सगळे बसने येऊन पुढचं अंतर चालत आले. प्रत्येक मुलाच्या हातात एक रोप होतं: संत्र्याचं कलम, सीताफळ, कडुनिंब. मला कळेना की हे कुणी ठरवलं. तेव्हा एका मुलीने पिशवीतून आमच्या मंडळीचं पत्रक काढून दाखवलं. "सणाला मुलांनी एकेक झाड लावावं," असं त्यात पप्पांनीच लिहिलं होतं. ताई दोन वर्षं ती पत्रकं जपून ठेवत होती आणि महिन्यातून दोन रविवार एका रेल्वे क्वार्टरात या मुलांना हिब्रू अक्षरं आणि गाणी शिकवत होती. आम्हाला तिने हे कधी लिहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, पप्पांना वाटलं असतं की मी त्यांना खूश करायला करते आहे.

मुलांनी विहिरीजवळ खड्डे खणले, मायनी कुठलं झाड कुठे ते सांगितलं. कडुनिंब विहिरीला चिकटून लावणाऱ्या मुलाला त्यांनी चांगलंच झापलं.

सूर्य टेकला तशी अंगणात चटई घातली. मध्ये ताट: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती पाच फळं आणि खजूर. सगळे पप्पांकडे बघू लागले. तिथे सगळ्यांत वयस्क एक निवृत्त रेल्वे गार्ड होते. ते पप्पांजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे प्रार्थना रिबेका म्हणते. मला आधी पटलं नव्हतं. पण माझे डोळे गेले, आणि इतरांना येत नाही. तुम्ही म्हणणार असाल तर तिला सांगतो."

पप्पा म्हणाले, "नको. तिलाच म्हणू द्या."

ताईने डोक्यावर पदर घेतला. हिब्रू म्हणताना तिचा आवाज आधी कापत होता, मग सावरला. मध्येच ती मराठीत यायची, मुलांना समजावं म्हणून, अगदी आमच्या सिनेगॉगमध्ये होतं तसं. तारा मायच्या मांडीवर बसून खजुराकडे टक लावून होती. मी प्रार्थना ऐकत नव्हते, पप्पांकडे बघत होते. ते खाली मान घालून बसले होते. झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणून ताई थांबली. उत्तर द्यायला मुलं जराशी चुकली, आणि त्या फटीत पप्पांचा आवाज आला, सिनेगॉगमध्ये येतो तसा, खणखणीत.

"आमेन."

चार वर्षांत तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. ताईने वर बघितलं नाही. ओळ धरून पुढे म्हणत गेली.

मलिदा वाटायला माय उठल्या. पप्पांपुढे आल्यावर त्यांनी पान धरलं. पप्पांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळं खाल्लं. मग जेवायला बसले तेव्हा सोले दोनदा मागून घेतले. मला हसूच फुटलं आणि कुणालाच कारण सांगता येईना.

पानं उचलताना ताई त्यांच्याजवळ गेली. मी दारातच होते.

पप्पा म्हणाले, "पत्र लिहीत जा."

"लिहितेच आहे, पप्पा. दर महिन्याला."

"मला लिही."

एवढंच. मग त्यांनी सुधाकररावांना बोलावून विचारलं, की उद्याची तिकिटं मंगळवारवर करता येतील का.

कारण सोमवारी माय रामटेकला जाणार होत्या. त्यांचाही नवस होता. आम्ही सगळेच गेलो. एसटीने दीड तास, दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, मग लांबूनच दिसणारी टेकडी आणि वर पांढरं देऊळ. पायऱ्या भरपूर आहेत, सकाळी लवकर चढा. आणि हातात फळं उघडी ठेवू नका. तिसऱ्याच वळणावर माकडाने माझी संत्र्यांची पिशवी पळवली. ताराला पप्पांनी खांद्यावर घेतलं होतं. दर वीस पायऱ्यांनी ते थांबत आणि तिला देखावा दाखवल्याचं सोंग करत.

सुधाकरराव आणि ताई ताराला घेऊन आत गेले. पप्पा बाहेर कट्ट्यावर बसले, मी त्यांच्याजवळ. माय दर्शन आटोपून लवकर बाहेर आल्या, नारळाचा तुकडा पदरात बांधला आणि आमच्या शेजारी टेकल्या.

"मले बी नको होती तुमची पोरगी," त्या म्हणाल्या. "खरं सांगून राहिली. लग्न झाल्यावर दीड वर्स मी पोराशी धड बोलली नाही."

पप्पा त्यांच्याकडे वळले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोलणं सुरू झालं ते तारा जन्मल्यावर, पण तेही कामापुरतं. दवाखान्यात मात्र दोघी एकाच बाकावर पंधरा दिवस होत्या. सून डोळे मिटून पुटपुटे, माय रामाचं नाव घेत. डॉक्टर आले की दोघी एकदमच उठून उभ्या राहत. एका सकाळी ताप उतरला तेव्हा कुणी कुणाला मिठी मारली ते दोघींनाही आठवत नव्हतं.

"तिनं तिच्या देवाले मागतलं, मी माह्या रामाले. कोनं आयकलं, मले काय माहीत? म्हनून दोघाइचं फेडून राहिलो," माय म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी काहून नाही बोलले जी इतके दिवस?"

पप्पा म्हणाले, "सुरुवातीला राग होता. मग राग गेला, पण तोवर बोलायचं कसं ते कळेना."

"माह्यं बी तसंच झालं होतं," माय म्हणाल्या आणि उठून गुडघे चोळू लागल्या.

मंगळवारच्या गाडीत आमच्याकडे रिकामा डबा आणि मायनी दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी होती. पप्पा वर्ध्यापर्यंत शेंगा सोलत बसले. घरी पोचल्यावर त्यांनी पायातले बूटही न काढता आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. टांगा, विहीर, माकड, सगळं. मला मध्ये बोलूही देईनात. आई ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

तुम्ही नागपूरला गेलात तर रामटेक बघालच, बेसा गावात बघण्यासारखं काही नाही. मी बरीच फिरले नंतर, याहून सुंदर ठिकाणं पाहिली. पण दुसऱ्या कुठल्याही प्रवासातून इतकी हलकी होऊन मी परतले नाही. आणि एक गोष्ट कळली: घरातला अबोला बहुतेक वेळा रागाने टिकत नाही, लाजेने टिकतो. कुणीतरी आधी 'माझंही तसंच झालं होतं' म्हणावं लागतं.

त्या शनिवारी प्रार्थना संपली आणि पप्पा नेहमीप्रमाणे सूचना वाचायला उभे राहिले. पुरीमच्या सोंगांसाठी कपडे हवेत, वर्गाला नवे बाक येणार. मग म्हणाले, नागपूरच्या सभासदांनी झाडांचा सण साजरा केला, मुलांनी रोपं लावली. प्रार्थना कुणी चालवली ते सांगताना त्यांनी ताईचं नाव घेतलं, सासरच्या आडनावासकट, पूर्ण. कागदावर तेवढंच होतं. मी आदल्या दिवशी वाचलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले,

"ती माझी मुलगी."

मग चहा झाला.