निळा अंगठा

वारज्याच्या एका सोसायटीत तळमजल्यावर सरोजिनीबाईंची बालवाडी आहे. बाई तीस वर्षं लहान मुलांकडून भाज्यांचे ठसे उमटवून घेतायत आणि तीस वर्षं मोठ्या माणसांवर संशय घेतायत. त्यांचा नियम एकच. मुलाच्या कागदाला मोठ्याचं बोट लागलं की तो कागद प्रदर्शनात भिंतीवर लागायचा नाही. एकदा एका आईला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अहो, शाळेत नाव तुमचं घालायचं की मुलाचं?"

यंदा संशय केयूरच्या कागदावर आला. साडेतीन वर्षांचं पोर. भेंडीचा देठाकडचा कापलेला तुकडा रंगात बुडवून त्यानं फुलं उमटवली होती, तीही एका ओळीत. शेजारच्या स्वरालीच्या कागदावर भेंडी नुसती फरपटलेली, आणि याची फुलं कवायतीला उभी! शिवाय कोपऱ्यात निळा अंगठा उमटलेला. चांगला दणकट, मोठ्या माणसाचा.

केयूर रडतो म्हणून त्याचे आजोबा, श्रीनिवासराव, दाराशी खुर्ची टाकून बसतात. खडकीच्या कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. झालं, बाईंना चोर सापडला. पण पुरावा हवा ना!

प्रदर्शनाच्या सकाळी बाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "आज मोठ्यांनीही एकेक अंगठा उमटवायचा हं. आठवण म्हणून."

श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवण की पोलीस चौकी?"

"घाबरण्यासारखं काही केलंय का आपण?"

त्यांनी मुकाट्यानं अंगठा दिला. मदतीला असणाऱ्या गोदाबाईंनीही दिला. बाईंनी भिंग काढलं. केयूरच्या कागदावरच्या अंगठ्याला मधोमध तिरकी चीर होती. आजोबांचा अंगठा स्वच्छ. गोदाबाईंचाही.

"बाई, तुमचाबी द्या की," गोदाबाई म्हणाल्या. "भेंडी चिरताना कापलंय तुम्हाला."

बाईंनी द्यायचा म्हणून दिला. तिरकी चीर, जशीच्या तशी.

कागद सरकू नये म्हणून प्रत्येक मुलाच्या कागदाचा कोपरा त्या दाबून धरत. हातांना रंग लागलेला असेच. बाईंनी घाईनं बाकीचे कागद उलगडले. सव्वीसच्या सव्वीस कागदांवर त्यांचाच अंगठा!

"पण ओळ?" बाईंनी शेवटचा दोर धरला. "केयूर, ओळ कुणी सांगितली?"

केयूरनं कागदावरच्या घडीवर बोट ठेवलं. पिशवीत मावावेत म्हणून बाईंनीच कागद दुमडून आणले होते. "हा रस्ता आहे. गाड्या रस्त्यानं जातात."

"पुण्यात?" श्रीनिवासराव म्हणाले. "हे मी नाही शिकवलेलं."

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. आजोबा शांतपणे पुढे म्हणाले, "मग बाई, नियमाप्रमाणे भिंत रिकामीच ठेवायची ना?"

बाईंनी टाचण्यांची डबी घेतली आणि केयूरचा कागद सर्वांत आधी, मधोमध लावला. मग उरलेले पंचवीस. पालक यायला अजून तासभर होता, म्हणून मुलांना नवे कागद दिले. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, शिक्षा झाल्यासारख्या.

"बाई, कागद पळतोय," केयूर ओरडला. "धरा ना!"

बाईंनी एकदा आजोबांकडे पाहिलं, आणि खाली बसल्या.