लॉगबुकातली मी न लिहिलेली नोंद

इथे वर्षभर नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. माझ्या कामात 'वाटतं' या शब्दाला जागाच नाही. तेल किती आहे हे वाटून चालत नाही, पट्टी बाहेर काढून बघावं लागतं. तुमचे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात चुका काढत बसायचे... झोप झाली नसेल, उजेड कमी असेल, आठवणीत घोळ झाला असेल. आता माझ्या अनुभवात तुम्ही काढा. सापडली तर खरंच कळवा, सुटेन एकदाची.

मी पायलट आहे. मोठ्या जेटची नाही, नऊ प्रवासी बसतात अशा एका इंजिनाच्या छोट्या विमानाची. कंपनीचं नाव सांगणार नाही. श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरपासून गाडीने वीसेक मिनिटांवर एक लहान धावपट्टी आहे. मुंबईहून तिथे आमच्या दिवसाला दोन फेऱ्या. एका अंगाला सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. एक पत्र्याची शेड, प्रवाशांसाठी एक खोली, आग विझवायची एक गाडी आणि ती सांभाळणारे धर्मा काका. हा आमचा विमानतळ!

आणि मुकादम साहेब. म्हणजे होते. लायसन्सवाले इंजिनियर, श्रीवर्धनचेच. विमान उतरलं की ते भोवती फिरायचे, वाकून बघायचे, हात लावून बघायचे, मग लॉगबुकात सही करायचे. त्यांची सही झाली की मी विमान उडवायचं. चार वर्षं असं चाललं होतं आणि कुणाला काही त्रास नव्हता.

मग मार्चमध्ये परिपत्रक आलं. मुकादम साहेबांना मुंबईला हलवलं, आणि दोन फेऱ्यांच्या मधली तपासणी यापुढे पायलटने करायची. दोन दिवसांचा वर्ग, एक प्रेझेंटेशन, शेवटी समोसे आणि सर्टिफिकेट. मी शिकवणाऱ्याला विचारलं, "आत काही बिघडलं असेल तर? पत्र्याचं पॅनेल उघडायचं का?"

"नाही नाही मॅडम, पॅनेलला हात लावायचा नाही. फक्त बघायचं. डोळ्यांनी."

"आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते?"

वर्गात सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

गोष्ट मे महिन्यातल्या एका रविवारची. सव्वाअकराला आम्ही उतरलो, बाराला परत निघायचं होतं. माझ्यासोबत निनाद, माझा फर्स्ट ऑफिसर. शिस्तीचा मुलगा, थापा मारणारा नाही. तो प्रवाशांची यादी आणि सामानाचं वजन बघायला गेला आणि मी त्या उन्हात, पांढऱ्या शर्टात, तपासणीला लागले. टायर बघितले. पंखातून थोडं इंधन बाटलीत काढून पाणी आहे का बघितलं. तेल बघायला शिडी लावली तर तिची दुसरी पायरीच गायब. ही तक्रार मी तीनदा केली होती. लोंबकळत तेल बघितलं, शर्टाला काळा पट्टा लागला. शेपटीला चक्कर मारली. सगळं ठीक. लॉगबुकात 'समाधानकारक' लिहिलं, सही केली, वही माझ्या सीटवर ठेवली आणि तणतणत आगीच्या गाडीपाशी सावलीत जाऊन ऑपरेशन्सच्या साहेबांना फोन लावला.

हा फोन महत्त्वाचा आहे, म्हणून नीट सांगते. माझ्या मोबाइलवर अजून नोंद आहे. अकरा चौतीसला लागला, सतरा मिनिटं चालला. सतराही मिनिटं मी धर्मा काकांपासून चार हातांवर उभी राहून भांडत होते. शिडीवरून, हातमोज्यांवरून, आणि मुळात हे काम माझं का, यावरून. फोन ठेवला तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, पानी प्या आदी. आवाज बसंल तुमचा."

पाणी प्याले, विमानात गेले. निनाद उजव्या सीटवर बसला होता. मी वही उचलली, उघडली...

वर माझी नोंद. समाधानकारक. माझी सही.

तिच्याखाली दुसरी नोंद. एलिव्हेटरची केबल — म्हणजे विमानाचं नाक वरखाली करणारी तार — शेपटीच्या आत मागच्या पुलीपाशी तुटत चालली आहे, विमान उडवू नये. वेळ अकरा चाळीस. अक्षर माझं. तारखेतल्या सातावर मी आडवी रेघ मारते, ती मारलेली. खाली माझी सही.

मी निनादला म्हटलं, "ही काय मस्करी आहे?"

त्याने वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅम, हे... तुम्हीच लिहिलंत ना आत्ता?"

"मी? कधी?"

"दहा-पंधरा मिनिटांपूर्वी. तुम्ही येऊन इथे बसलात, लिहिलंत. मी विचारलं पाणी देऊ का, तुम्ही नुसती मान हलवलीत. मला वाटलं चिडलायत, म्हणून बोललो नाही. मग उतरून गेलात."

"निनाद, मी काकांपाशी फोनवर होते."

"मॅम, तुमच्या शर्टावरचा हा काळा डागसुद्धा बघितला मी."

राग आला की माझे कान गरम होतात, तसे झाले. भीती वाटली असं खोटं लिहिणार नाही. मला फक्त वाटलं, आता हे आणखी एक! खाली उतरून काकांना विचारलं, मी मध्ये कुठे गेले होते का. ते म्हणाले, "न्हाय वो. हितंच व्हता की. सायबाला झापत व्हता." पानाखालच्या कार्बनच्या प्रतीही बघितल्या. नोंद तिन्ही प्रतींवर नीट उमटली होती.

आम्ही तपासलं. मी कंट्रोल पुढे-मागे केला, निनादने खाली उभं राहून शेपटी बघितली. अगदी मोकळी हलत होती. कुठे अडकणं नाही, आवाज नाही. पण आमच्याकडे एक साधा नियम आहे, लॉगबुकात दोष लिहिला गेला की लायसन्सवाल्या इंजिनियरने तो मिटवेपर्यंत विमान हलत नाही.

साहेबांना परत फोन. ते ओरडले, "मॅडम, हे तुम्ही निषेध म्हणून करताय का?"

"मी लिहिलेलं नाही."

"अक्षर कुणाचं?"

"...माझं."

"मग एक रेघ मारा, चुकून लिहिलं म्हणून सही करा, आणि निघा. नऊ माणसं बसलीयत."

नऊ माणसं खरोखरच बसली होती. त्यांत एक सुपारीच्या वाडीवाले काका-काकू होते. त्यांच्या मुलीला मुंबईत बाळंतपणासाठी नेलं होतं, ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी, आणि काहीतरी गुंतागुंत होती. काकू खोलीतून बाहेर आल्या, माझा हात धरला. "बाय, माझी लेक एकटी हाय तितं. विमान चालू हाय ना? मग नेत का न्हाय?"

मी वही मांडीवर घेऊन बसले. पेन हातात घेतलं. खरं सांगते, रेघ मारायला टेकवलंही होतं. विमानात काही दोष नाही हे मी स्वतः बघितलं होतं, आणि ती नोंद मी केलेली नव्हती. मग मला अडवणारी ती कोण?

तेवढ्यात साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, एका सहीचा प्रश्न आहे."

आणि माझं टाळकं फिरलं. माझ्या अंगात धैर्य वगैरे आलं नव्हतं. मी फक्त वैतागले होते. म्हटलं, "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती सही माझी नव्हती, साहेब. तुम्ही ती माझ्या गळ्यात घातलीत. आता ती माझी आहे ना? मग मी रेघ मारणार नाही. मुकादम साहेबांना पाठवा."

प्रवाशांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. निनादने काका-काकूंना गाडी बघून दिली. गाडीत बसताना काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मुकादम साहेब रो-रो बोटीने मांडव्याला उतरून, पुढे गाडीने, साडेपाचला पोचले. घामाने भिजलेले. वही वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग शेपटीपाशी गेले आणि वाकून एकेक स्क्रू बघू लागले.

"काय झालं?"

"सरोज मॅडम, हे पॅनेल कोणी उघडलं होतं का?"

"कुणी नाही. आम्हाला हात लावायचा नाही, माहितीये ना तुम्हाला."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका असतो, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो. सगळे ठिपके अखंड होते. "माझेच ठिपके हायत," ते म्हणाले. "फेब्रुवारीत मी बंद केलं. तेव्हा केबल चांगली होती, मी हात फिरवून बघितलीय."

स्क्रू काढले. पॅनेल निघालं. त्यांनी टॉर्च आत धरला, मान आत घातली. मी पाठीमागे उभी. मग आतूनच, अगदी हळू, "या अल्ला."

मला जागा करून दिली. पुली गंजून अडकली होती आणि तिच्यावर घासून घासून केबलच्या बऱ्याच तारा तुटून ब्रशसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी फडक्याने जरा दाबली, तशी आणखी एक तार टक्कन सुटली. तो आवाज ऐकून मी तिथेच सिमेंटवर बसले. दिवसभरात पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा.

"आणखी किती चालली असती?"

"एक फेरी... दोन... मी काय सांगू?" मग मला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. निनादनेही सांगितलं. धर्मा काका तर तिथेच होते. मुकादम साहेबांनी कुणालाच खोटं ठरवलं नाही. फक्त म्हणाले, "हे जसंच्या तसं लिहून द्याल तर तुमच्या नोकरीवर येईल."

मी जसंच्या तसं लिहून दिलं. काय झालं असेल? मला डॉक्टरांकडे पाठवलं. तीन आठवडे जमिनीवर. मेंदूचा स्कॅन, मानसोपचारतज्ज्ञ, 'घरी काही ताण आहे का'... सगळं नॉर्मल. दरम्यान कंपनीने म्हटलं, जबाब जरा सोपा करा. 'बाहेरून तपासणी करताना शंका आली' एवढं लिहा. मी नाही म्हटलं. शेडवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं, तर तो कॅमेरा फेब्रुवारीपासूनच बंद!

काका-काकूंची मुलगी आणि नात सुखरूप आहेत. नात त्यांची गाडी पेणच्या पुढे असतानाच झाली. हे निनादने फोन करून विचारलं होतं, माझी हिंमत झाली नव्हती.

आणि आता ऐका. मी कामावर परत आले त्या आठवड्यात नवं परिपत्रक निघालं. त्यात माझा फोटो. 'सतर्क पायलटने वेळीच दोष ओळखला, नवी पद्धत यशस्वी.' तीच पद्धत आता आणखी दोन धावपट्ट्यांवर चालू होतेय. वर्गाला मला बोलावतात, उदाहरण म्हणून! मागच्या वर्गात एका मुलीने वही उघडून विचारलं, "मॅम, तुम्ही नक्की काय बघितलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. मला काहीच दिसलं नव्हतं."

सगळे हसले. नम्रता वाटली त्यांना.

त्या सीटवर कोण बसलं होतं, मला माहीत नाही. निनादच्या आणि धर्मा काकांच्या सांगण्यातलं एकच खरं असू शकतं आणि दोघेही खोटं बोलत नाहीत. बंद पॅनेलच्या आतलं कुणाला कसं दिसलं, हेही माहीत नाही. किती विचार केला तरी मी आहे तिथेच आहे. खात्री मला एकाच गोष्टीची आहे आणि तीच कुणी ऐकून घेत नाही. त्या दिवशी तपासणी मी केली होती, मन लावून केली होती, आणि माझ्या तपासणीप्रमाणे ते विमान उडायला अगदी योग्य होतं.