भरतवाक्यानंतरचे बुवा

बुवा नऊवारी नेसून बाहेर आले की किहीमच्या बायका नकळत आपापल्या निऱ्या चाचपून पाहायच्या. तरुणपणी त्यांनी नाटक कंपनीत नायिकेची कामं केली होती. बोलपटांनी कंपनी बुडवली, बुवा गावी परतले, साठीला आले. पण मान वेळावून बघणं काही सुटलं नाही. "बुवा, नजर नको, मासली बघा!" असं कोळणी बाजारात ओरडायच्या.

"भरतवाक्य झालं की लोक घरी जातात. नायिका बिचारी कुठं जाणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातूनच त्यांनी 'संगीत पुढे काय?' लिहिलं. जुन्या संगीत नाटकांतल्या राजकन्या लग्नानंतर एकाच चाळीत येऊन पडल्यात आणि नळावर भांडतात, तेही रागदारीत! आपलीच जुनी नायिका बुवा आता पिकल्या केसांनी करायचे. 'चंद्र नको रे राजसा, आण सुके बोंबील' हे पद त्यांनी भैरवीत बांधलं होतं. लोक हसता हसता डोळे पुसायचे. पेटीला मी. आणि मी नेहमी पुढं धावायचो. बुवा चालू पदात मान वळवून डोळे वटारायचे. नंतर म्हणायचे, "अरे गाढवा, मी श्वास घेतो तिथं थांबत जा. मेल्यावर वाजव हवं तेवढं."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, कापली तर आवाज जाईल, नाही तर बुवा जातील. बुवांनी बजावलं, "आधी नाटकाची फिल्म. आवाज ठेवून येतो, मग न्या कुठं ते."

कॅमेऱ्याचं काम मी अंगावर घेतलं, तिथंच माशी शिंकली. अलिबागच्या फोटोवाल्या शेठना मी कॅमेऱ्याचं वजन विचारलं, छकड्यात बसेल का विचारलं, नको ते सगळं विचारलं. देवळापुढं मांडव सजला, बुवा नेसून उभे राहिले, तेव्हा शेठ म्हणाले, "आवाजनी मशीन अलग असते भाई. ती माझ्याकडे नाय."

मला पेटीच्या भात्यात शिरावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं बुवांना मुंबईला न्यायचं होतं.

बुवांनी पदर सारखा केला. "तोंड तर दिसेल ना? फिरवा यंत्र."

त्या मुक्या यंत्रापुढं ते एकेक पद अख्खं गायले. घसा आतून सोलून निघत असणार. बोंबलाच्या पदाला मी पुन्हा पुढं धावलो.

बुवा परतले ते गळ्याला पट्टी बांधून. बाकीच्यांशी खुणांनी बोलत. माझ्यासाठी त्यांना डोळे पुरत. पावसाळा सरला आणि ते गेले.

वर्षश्राद्धाला शेठनी देवळापुढं धोतर ताणून फिल्म लावली. बुवांचे ओठ हलू लागले. मागून एक कोळीण कळवळली, "अगो बाय, बुवांचा आवाज कुठं हाय?"

मला राहवेना. पेटी ओढली आणि त्यांच्या ओठांवर नजर ठेवून वाजवू लागलो. बोंबलाचं पद आलं. बुवांनी श्वास घेतला. मी थांबलो. उभ्या जन्मात पहिल्यांदा, अगदी नेमका.

तरी धोतरावरच्या बुवांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघून डोळे वटारले.