रोमच्या बुवांचा शिष्य

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, रिफा शहरात मुलीच्या शाळेबाहेर गाडीत बसलो होतो. त्याची पत्नी, नीलावहिनी, शांतपणे म्हणाल्या, "सकाळी चहा घेतला, सोफ्यावर टेकले आणि... गेले. अन्वीला तुम्हीच सांगा. आज तिचा क्लास असतो." माझी मुलगी अन्वी सात वर्षं त्याच्याकडे व्हायोलिन शिकत होती. गाडीत बसल्यावर मी तिला सांगितलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मनोहर मूळचा पुण्याचा; इथे जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंग इन्स्पेक्टर. दिवसभर लोखंडाचे जोड तपासायचे आणि संध्याकाळी गुदैबिया भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच-सहा मुलांना पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. ते तो तरुणपणी मुंबईत एका गोवेकर मास्तरांकडे शिकला होता. त्याचं दैवत एकच, तीनशे वर्षांपूर्वी रोममध्ये राहिलेला एक इटालियन व्हायोलिनवादक आणि रचनाकार. त्याचं नाव तो क्वचितच घ्यायचा, घेतलं तर कानाच्या पाळीला हात लावून. एरवी नुसतं 'रोमचे बुवा'. बुवांनी थोडंच लिहिलं, पण जे लिहिलं ते घासूनपुसून छापलं. व्हायोलिन हे गळ्यासारखं गाऊ शकतं हे लोकांना पटवलं. त्यांचे शिष्य युरोपभर गेले आणि शिकवत राहिले. हे सगळं मनोहर अशा आपुलकीनं सांगायचा की बुवा इथेच जवळ, सनद गावात राहतात आणि शुक्रवारी जेवायला येणार आहेत असं वाटावं. मला संगीतातलं फारसं कळत नाही. मी ऐकून घ्यायचो.

त्याला खरा अभिमान होता तो परंपरेचा. बुवांचा शिष्य, त्याचा शिष्य, असं करत करत लिस्बनचा एक पाद्री गोव्यात आला. त्याच्याकडे मास्तर शिकले, मास्तरांकडे मनोहर. क्लासमध्ये नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी ही साखळी त्याला ऐकवली जाई. तीन वर्षांपूर्वी मुलांचा कार्यक्रम ठरला तेव्हा त्यानं ती कार्यक्रमपत्रिकेतही छापली. पाद्र्याचं नाव बरोबर आहे ना, हे विचारायला त्यानं मास्तरांच्या मुलीला मडगावला फोन केला, तोही पत्रिका छापून आल्यावर. ती म्हणाली, "पाद्री कुठला? पप्पा कुणाकडेच शिकले नाहीत. चर्चच्या माळ्यावर जुनं पुस्तक मिळालं, त्यावरून स्वतःच वाजवायला लागले. गुरू नाही म्हटलं तर शिकवण्या मिळाल्या नसत्या, म्हणून तसं सांगायचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो, तर तो जमिनीवर बसून एकेका पत्रिकेवरची ती ओळ काळ्या पेनानं खोडत होता. मी म्हटलं, "राहू दे ना. इथे कुणाला कळणार आहे?"

तो मान वर न करता म्हणाला, "जोड आतून पोकळ असला तर वरून रंग देऊन पास करू का मी?"

संध्याकाळी त्यानं मुलांना बसवून सगळं सांगितलं. अन्वीनं विचारलं, "सर, सो वी आर नॉट फ्रॉम बुवा?"

"नाही. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो. खलास."

एका पालकांनी मुलाला क्लासमधून काढलं. कार्यक्रम झाला, पण नंतरचे दोन आठवडे मनोहरनं व्हायोलिनला हात लावला नाही. वहिनींना काळजी वाटू लागली होती. मग एका सकाळी त्याचा फोन आला. "मी मास्तरांवर रागावलो होतो रे. पण विचार कर, कुणी शिकवणारा नाही, ऐकवणारा नाही, आणि माळ्यावरच्या वाळवी लागलेल्या पुस्तकातून हा माणूस बुवांचे सूर उचलतो... बुवा किती नीट लिहून गेले असतील." त्या संध्याकाळपासून क्लास पुन्हा सुरू झाला. साखळी मात्र त्यानं परत कधी ऐकवली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याची नोटेशनची पुस्तकं मुलांत वाटली. अन्वीच्या वाट्याला बुवांच्या रचनांचं पुस्तक आलं. सुरांवर पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहिलेले, समासात त्याचं बारीक मराठी अक्षर. अन्वीला मराठी वाचायला वेळ लागतो. एका अवघड ओळीशी थांबून तिनं अक्षर अक्षर जुळवत वाचलं, "इथे... मलाही... जमत नाही." मग तिनं पुस्तक स्टँडवर ठेवलं आणि नेमकी तीच ओळ वाजवायला घेतली. तिलाही जमली नाही. तिनं परत घेतली.